गोळी आणि भाकरीमधला रस्ता

बबनमामा गेल्याचं मला बसच्या ग्रुपवर कळलं. सकाळचे अकरा वाजले असतील. ऑफिसात एका ब्रॅकेटचं माप तिसऱ्यांदा तपासत बसले होते, तेवढ्यात फोन थरथरला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपले बबनमामा आज पहाटे गेले. अंत्यविधी दोन वाजता, गावी.’ आणि त्याच्या लगेच खाली, वरचं न वाचताच दुसऱ्या कुणीतरी, ‘संध्याकाळची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटेल.’ मामांनी ते वाचलं असतं तर पहिल्या निरोपावर काही बोलले नसते, दुसऱ्यावर मात्र भडकले असते. बावीस वर्षं त्यांनी आमच्या कारखान्याची बस चालवली. एवढ्या वर्षांत ती वाटेत एकदाच बंद पडली, आणि तीही इंजिनामुळे नव्हे, माझ्यामुळे. मामांना जाऊन आता दीड महिना होतोय. लोक त्यांच्या गाडी चालवण्याबद्दल, स्वभावाबद्दल पुष्कळ चांगलं बोलतात. मला मात्र त्या एका दिवसाबद्दल आणि त्यानंतर त्यांनी मला जे दिलं त्याबद्दल सांगायचं आहे, कारण ते माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही.

मी मूळची वाशिमची. मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटच्या या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मुळशी म्हणजे धरण, एवढंच मला ठाऊक होतं. पौडला एक खोली भाड्याने घेतली, कारण स्टाफची बस तिथून जायची. बस निघायची मामांच्या गावाहून, धरणाच्या अंगाने. वाटेतल्या वाड्यांवरची माणसं घेत ती पावणेसातला पौडला यायची, मग कासार आंबोलीचा फाटा, मग पिरंगुट, आणि सव्वासातला कंपनीचं गेट. पहिल्याच दिवशी मी मागे जाऊन बसायला लागले तर आरशातून आवाज आला, “ओ ताई, हितं फुडं बसा. माघं बसलात तर फाट्यापतूर हाडं खिळखिळी व्हत्याल.” मी पुढे बसले, आणि पुढची अनेक वर्षं ती सीट माझीच राहिली. मामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, अंगाने शिडशिडीत, गळ्यात माळ, खिशाला कंगवा. बोलणं रोखठोक. गाडीत कुणी मोठ्याने फोनवर बोललं तर म्हणायचे, “त्यांना कळलं, आता आमाला कळलं, फाट्यावर उतरून गावाला बी सांगा.” माझ्या वऱ्हाडी हेलाची त्यांनी यथेच्छ चेष्टा केली आणि मी त्यांच्या ‘हाय-न्हाई’ची. फिट्टंफाट.

पौडला गाडी चार-पाच मिनिटं थांबायची. एस.टी. स्टँडसमोर नंदाबाईंची टपरी होती. तिथे मामा एक कप चहा घ्यायचे, सढळ साखरेचा, आणि त्यात दोन टोस्ट बुडवून खायचे. डबा मात्र कंपनीत पोचल्यावर, गाडी लावून, पुसून, आठ-साडेआठला उघडायचे. एकदा बोलता बोलता कळलं की त्यांना शुगर आहे, रोज सकाळी उठल्या उठल्या गोळी घेतात. झालं! माझ्या अंगात आमच्या घरची देवीच संचारली.

इथे माझ्या बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबांना शुगर होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती, आणि ते चोरून गोड खायचे. दुपारच्या जेवणाआधी, अकराच्या सुमाराला, आई पाठमोरी झाली की फडताळातला लाडू, गुळाचा खडा, काहीही. तोंडाला लागलेली पिठीसाखर पुसायचंही त्यांना भान नसायचं. मी त्यांना काय काय बोलले आहे ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. ‘जिभेपुढे तुम्हाला लेकरं दिसत नाहीत,’ हे त्यातलं सौम्य वाक्य. थोडक्यात, साखर हा माझा जन्माचा वैरी होता. साखर वाढते, वाढून डोळे खाते, पाय खाते, इतकंच मी शिकले होते. ती उतरतेही आणि उतरली तर वाढण्यापेक्षा लवकर घात करते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

तर मी मामांना सुधारायचं ठरवलं. आधी सरळ सांगून पाहिलं. मामा म्हणाले, “ताई, डॉक्टरनं भात कमी करा म्हन्लंय, केलाय. चहावाचून गाडीला सेल्फ लागत न्हाई.” मग मी वाकडी वाट धरली. पुण्याहून गोडव्याच्या त्या बारीक गोळ्यांची डबी आणली, साखरेऐवजी चहात टाकतात ती, आणि नंदाबाईंच्या हातात दिली. म्हटलं, “मावशी, मामांच्या कपात साखर टाकू नका, यातल्या दोन टाका. आणि त्यांना सांगू नका.” नंदाबाईंना ते फारच आवडलं. एखाद्या वात्रट पोराला औषध पाजल्यासारखा आनंद त्यांच्या तोंडावर होता. टोस्ट तर मामांनी स्वतःच बंद केले होते, डॉक्टरांनी मैदा नको म्हटलं म्हणून. पहिल्या दिवशी मामा घोट घेऊन म्हणाले, “आज चहाची चव येगळी लागतीया.” नंदाबाई म्हणाल्या, “पावडर बदललीया.” मी खिडकीतून बाहेर बघत हसत होते. आठवडाभर मी स्वतःवर इतकी खूष होते की आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

तो आषाढाचा महिना होता, भातलावणीचे दिवस. मामांची दोन खाचरं होती. रविवारी ती लावायची म्हणून ते आणि हौसामामी, म्हणजे त्यांची बायको, दिवसभर चिखलात वाकून होते. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांची अर्धी गोळी पूर्ण केली होती, कारण तपासणीत साखर जास्त आली होती. हे सगळं मला नंतर कळलं. सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे साडेपाचला गोळी घेऊन निघाले, पौडला माझ्या कृपेचा चहा प्याले, आणि गाडी पुढे निघाली. पुढे एक कंटेनर आडवा झाला होता, रस्ता ठप्प. अर्धा तास आम्ही एका जागी उभे. नेहमी अशा वेळी मामा काहीतरी गंमत सांगायचे. त्या दिवशी गप्प होते. मग रस्ता मोकळा झाला, गाडी हलली, आणि कासार आंबोलीचा फाटा आला तरी ती थांबेना. फाट्यावरची माणसं हात करत मागे धावली. कुणीतरी ओरडलं, “मामा, फाटा!” तर मामा खेकसले, “मला शिकवू नगा रं!” तो आवाज त्यांचा नव्हता. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, सदरा पाठीला चिकटला होता, आणि गिअर टाकताना हात दोनदा चुकला. मागून कुजबूज ऐकू आली, “सकाळी सकाळी टाकून आलाय वाटतं.”

पुढचं मला एकेक क्षण आठवतं. मामांनी डावा इंडिकेटर दिला, गाडी डांबरावरून खाली घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या ओंजळीत टाकली. “धर. मला कायतरी व्हतंय. गाडीला कुनाला हात लावू दिऊ नगं.” एवढं बोलून त्यांनी डोकं स्टिअरिंगवर टेकलं. गाडीत एकच गलका झाला. कुणी कांदा फोडा म्हणालं, कुणी तोंडावर पाणी मारा, कुणी वास घेऊन बघत होतं. पॅकिंग खात्यातल्या शकूताई पुढे घुसल्या. “माज्या सासूला आसंच व्हतं. ग्वाड द्या कायतरी, लवकर!” त्यांनी कुणाच्या तरी पिशवीतून थंड्याची बाटली ओढून काढली. आणि मी काय करावं? मी मामांच्या आणि त्यांच्या मध्ये हात आडवा घालून उभी राहिले. “नको! त्यांना शुगर आहे! गोड देऊ नका, मरतील ते!” असं मी ओरडले, शब्दन् शब्द. शकूताईंनी मला अशी काही बाजूला लोटली की माझा खांदा दांडीवर आपटला. “सरक! हाय म्हनूनच द्यायचं!” मामांना गिळता येत होतं. त्यांनी घोट घोट करत अर्धी बाटली संपवली. दहा-बारा मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले, आमच्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “किल्ली कुनाकडं हाय?” ती माझ्या मुठीत होती, घामाने ओली झालेली.

गाडीत त्या दिवशी अडतीस माणसं होती... मी मोजली होती नंतर. त्यांतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कारण ज्या माणसाला फाटा ओळखू येत नव्हता त्याला गाडी बाजूला घ्यायचं मात्र कळलं होतं. पण कंपनीत बातमी पोचली ती वेगळीच. ‘बबन पिऊन आला होता.’ साहेबांनी त्यांना त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं आणि गेटवर वही लिहायला बसवलं. डॉक्टरचा दाखला आणा, मग बघू, म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात दारूला शिवलं नाही, तो गेटवर मान खाली घालून गाड्यांचे नंबर लिहीत बसला, आणि आत जाणारी माणसं त्याच्याजवळून जाताना उगाच नाक ओढू लागली.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. गेटवर जाऊन मी मामांना सगळं सांगितलं, चहाचं, डबीचं, आडव्या हाताचंही. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे पोरी, तू चांगल्यासाठीच केलंस. गोष्टींमधली चांगली माणसं तसंच म्हणतात. मामा तसं म्हणाले नाहीत. ते उठून उभे राहिले. “माज्या कपात हात घालायचा तुला कुनी सांगितला व्हता?” मी म्हटलं, “मामा, काळजी वाटली म्हणून...” “काळजी वाटली तर इच्यारायचं व्हतं! समदी सांगत्यात. डॉक्टरबाई सांगती, बायकू सांगती, तू सांगतीस. इच्यारलं कुनी? बबन, तू गोळी कवा घेतोस, भाकरी कवा खातोस, इच्यारलं का येका तरी मानसानं?” आणि ते खाली बसले, वही उघडली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नवा ड्रायव्हर गाडी आणायचा आणि मी पुढच्या सीटवर चोरासारखी बसायचे.

त्या पंधरा दिवसांत मी साहेबांकडे तीनदा गेले. लेखी दिलं की मामा प्यालेले नव्हते, चूक माझी होती. साहेब म्हणाले, ते खरं असेल, पण उद्या पुन्हा असं झालं तर? मग मला जे येतं तेच मी केलं. मला ड्रॉइंग येतं. मामांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, ते घेऊन मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. मामांनी ओसरीवरूनच पाठ फिरवली. मी म्हटलं, “मामा, मी सांगायला नाही आले. विचारायला आले.” हौसामामींनी मला पाणी दिलं आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “इच्यारतीया तर सांगा की. का आता सांगाया बी त्वांड न्हाई?” मामा हळूहळू वळले. मग तासभर मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. किती वाजता उठता, गोळी कधी, पाणी कधी, पहिला घास कधी, शेतावर कुठल्या दिवशी, उपास कुठला, रात्री उरलेलं दूध कोण पितं. त्याचा मी एक मोठा कागद केला. आडवी रेघ म्हणजे त्यांच्या दिवसाचा रस्ता, त्यावर वेळेचे थांबे. साडेपाच, गोळी. पावणेसात, पौड, चहा. सव्वासात, गेट. साडेआठ, भाकरी. मामा कागदावर वाकले. मग साडेपाच आणि साडेआठ यांच्यामध्ये बोट फिरवून म्हणाले, “आयला... म्हंजी समदी गाडी म्या उपाशीच चालवतुया.”

तो कागद घेऊन आम्ही तिघं पौडला डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या, बाहेर रांग मोठी. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि वाचत असताना रांगेतल्या दोघांना थांबवून ठेवलं. म्हणाल्या, “मी यांना दर वेळी काय खाता ते विचारलं. कधी खाता हे विचारायचं राहिलं.” मग त्यांनी सावकाश समजावलं. ही गोळी पोटात गेली की साखर खाली खेचायला लागते, तुम्ही खाल्लंय की नाही ते ती बघत नाही. वर अर्धीची पूर्ण झाली. आदल्या दिवशीची लावणी अंगात होती, कारण राबलेलं अंग दुसऱ्या दिवशीही साखर ओढत राहतं. तेवढ्यात रस्ता अडला. त्या दोन चमचे साखरेच्या चहावर आणि टोस्टवर तुम्ही इतके दिवस तरून जात होता, तेही गेले. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, “एकट्या चहानं झालेलं नाही हं हे.” त्यांनी गोळी बदलली, ती खाण्याबरोबरच घ्यायची असं बजावलं, महिनाभर पुन्हा पुन्हा तपासलं आणि मग दाखला दिला. तिसऱ्या महिन्यात मामा पुन्हा स्टिअरिंगवर बसले. त्या सकाळी पौडला मी चढले तर म्हणाले, “ये पोरी, बस फुडं.” आधी मी ‘ताई’ होते. त्या दिवसापासून ‘पोरी’ झाले, आणि ऑफिसातल्या कुठल्याही बढतीचा मला तेवढा आनंद झालेला नाही.

तेव्हापासून पौडच्या थांब्याचा एक नवा कायदा झाला. मामा इंजिन बंद करायचे, मांडीवर फडकं पसरायचे, गोळी घ्यायचे आणि सगळ्यांसमोर एक भाकरी खायचे, चटणी नाहीतर कालची भाजी लावून. ती संपेपर्यंत गाडी हलायची नाही. कुणी घड्याळ दाखवलं तर घास चावत म्हणायचे, “तुमाला कंपनीत पोचायचंय का वैकुंठाला?” आणि मग मामांना एक नवंच वेड लागलं. ते आरशातून अख्ख्या गाडीची चौकशी करू लागले. शुगरची गोळी घेणारी माणसं त्यांनी एकेक करून हुडकली, आणि ती किती निघाली! एका बाईंनी नवरात्राचा उपास धरला आणि गोळी मात्र चालू ठेवली, त्यांना मामांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडीत चढू दिलं नाही. त्यांच्या मेव्हण्यांनी एकदा सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा एक घेतली आणि दुपारी बांधावर आडवे झाले. मामा ती गोष्ट रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, “इसरलं तर इसरलं. दुसरी घ्याची न्हाई.” उपाशीपोटी दारू ढोसणाऱ्या एका फिटरला तर ते भर गाडीत म्हणाले, “आरं, दारू पिली तर लिवर तिच्याच नादाला लागतं. रगतात साखर कोन सोडील मग, तुजा बा?” उलट्या-जुलाबात खाणं जाईना आणि इन्सुलिनची सुई मात्र नेहमीएवढीच टोचली, असल्या माणसाचीही गोष्ट त्यांच्याकडे होती. घाम सुटला, हात कापायला लागले, नाहीतर गरीब माणूस उगाच भांडायला लागला तर आधी गोड द्यायचं, भांडण मग. मात्र शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना. हे सगळं डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं, त्यांनी ते शेकडो वेळा सांगितलं.

आता बाबांबद्दल. मामांचा दिवस कागदावर काढला त्याच आठवड्यात मी वाशिमला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांना विचारलं, “बाबा, तुम्ही गोळी कधी घेता? जेवता कधी?” ते आधी गोंधळले. गोळी सकाळी सातला, मग एक कप फिका चहा, आणि जेवण साडेबाराला, कारण शिस्त म्हणून आम्हीच मधलं खाणं बंद केलं होतं. “आणि अकराला काय होतं?” त्यांचा आवाज बारीक झाला. मग ते म्हणाले, “पोटात खड्डा पडते बाई. हातपाय लटलट कापतेत. लाडू खाल्ला की बरं वाटते. पण तू रागावतं म्हणून नाही सांगितलं.” माझे बाबा चोर नव्हते. त्यांचं शरीर वेळेवर मदत मागत होतं आणि मी त्यांना जिभेचे गुलाम म्हणत होते. मी फोनवर रडले, माफी मागितली. तिकडच्या डॉक्टरांनी गोळी आणि जेवणाची वेळ जुळवली आणि अकराचा लाडू आपोआप बंद झाला. त्यानंतर बाबा सहा वर्षं होते, आणि त्या सहा वर्षांत आम्ही एकदाही भांडलो नाही. ती सहा वर्षं मला बबनमामांनी दिली, मला ओरडून. ते त्या दिवशी गेटवर गोड बोलले असते तर मी हलक्या मनाने घरी गेले असते आणि काहीच शिकले नसते.

मामा निवृत्त झाले तरी मी दोन-तीन महिन्यांनी गावी जात राहिले. पुढे हौसामामींनाही शुगर निघाली, तेव्हा मामा म्हणाले, “जोडीनं हाय म्हटल्यावर बरं पडतंय. येकमेकाची भाकरी चुकत न्हाई.” मग मामांचं मूत्रपिंड थकत गेलं. एकदा वेळेवर जेवूनही त्यांना घाम सुटला, मामींनी ओळखलं आणि तपासल्यावर कळलं की औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतोय, तेच औषध आता जास्त होतंय. डॉक्टरांनी ते कमी कमी करत बंदच केलं. शेवटच्या भेटीत मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते, चेहरा सुजलेला. म्हणाले, “समदा जलम साखर कमी करा म्हन्ले. आता म्हंत्यात औषध कमी करा. येक दिस डॉक्टर म्हनंल, बबन, तूच कमी हो.” आम्ही तिघंही हसलो. निघताना मी त्यांच्या पाया पडले तर म्हणाले, “जेवून जा.” मला उशीर होत होता. “मामा, खरंच विचारताय की सांगताय?” ते म्हणाले, “ह्ये सांगतुया.” मी जेवूनच निघाले.

दहाव्याला मी नदीकाठी गेले होते. आमच्या वाशिमकडे हा विधी मोजक्या माणसांत होतो. इकडे तसं नाही, मांडव, सतरंज्या, माईक, चारशे-पाचशे माणूस. आधी प्रवचन झालं. मग आजी सरपंच बोलले, मग माजी सरपंच बोलले, आणि माजी बोलले म्हणून त्यांच्याही आधीचे बोलले. ऊन चढत गेलं. मग पिंड ठेवले आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवल्याशिवाय घरच्यांनी तोंडात काही घालायचं नाही. दोन कावळे समोरच्या उंबरावर बसले होते, पण उतरेनात. नातलगांनी हात जोडून वचनं द्यायला सुरुवात केली. दादा, नातीचं लगीन थाटात करू. बबन, बांधाचं भांडान मिटवतो. कावळे ढिम्म.

मी बायकांमध्ये बसले होते. हौसामामींनी शेजारी बसलेल्या नणंदेवर अचानक वसकन आवाज चढवला, “सरक की जरा! अंगावर बसतीस का?” बायका एकमेकींना म्हणाल्या, दुःख आहे, दाबून धरलंय, बोलू दे तिला. मला मामींच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब दिसले, आणि पदर सारखा करणारी बोटं थरथरताना दिसली. माझा हात आपोआप पुढे गेला... आणि मी तो मागे घेतला. अख्खा गाव बघत असताना नवऱ्याच्या दहाव्याला, कावळा शिवायच्या आधी विधवेच्या तोंडात घास घालणारी मी कोण? पण न विचारता गप्प बसणारी तरी मी कोण? मी सरकत त्यांच्याजवळ गेले. “मामी, आज गोळी घेतली का?” “घेतली की. सुनंनं दिली, सात वाजता.” “आणि खाल्लं काय?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलतेय. “कावळा शिवल्याबिगर कसं खायाचं?” साडेबारा वाजले होते. मी म्हटलं, “मामी, तुमची साखर उतरत असेल. काही आणू का? तुम्ही म्हणाल तसं.” त्या पिंडांकडे बघत राहिल्या, मग उंबराकडे, मग माणसांकडे. मी नुसती वाट बघितली, आणि ते अर्धं मिनिट मला फार मोठं वाटलं. मग त्या म्हणाल्या, “आन.”

मी उठून थेट गुरुजींसमोर गेले, पूजेच्या ताटातली साखरेची वाटी आणि केळं मागितलं. मामांचे एक चुलतभाऊ पुढे झाले, “आवं, आजून कावळा शिवला न्हाई, आसं कसं?” मी काही बोलायच्या आत मागून मामींचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट, “मीच मागितलंय, भावजी. गोळी घेतलीया म्या.” गुरुजींनी वाटी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. केळं सोलताना मात्र त्यांनी ते हळूच मोडलं. “अर्धं मला राहू दे ताई. मलाही आहे, आणि मीही सकाळी घेऊनच आलोय.” मामी पाण्याबरोबर साखर खात असताना पुरुषांमधून एक म्हातारा हात वर करून म्हणाला, “मला बी हाय.” मग दुसरा. मग बायकांतून नणंदबाई, ज्यांच्यावर मामी खेकसल्या होत्या. कुणीतरी मोटारसायकल काढली आणि केळ्यांचा घड घेऊन आलं, आणि त्या घाटावर, पिंड तसेच ठेवलेले असताना, गोळी घेऊन उपाशी बसलेली दहा-बारा माणसं केळी खाऊ लागली.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला. चुलतभाऊ कष्टी होऊन म्हणाले, “बबनची कायतरी इच्छा राहिली म्हनायची.” मामींच्या चेहऱ्यावर आता रंग आला होता. त्यांनी केळ्याचं साल बाजूला ठेवलं, पदराने तोंड पुसलं.

“इच्छा कसली ऱ्हातीया,” त्या म्हणाल्या. “समदी खात्यात ह्ये बघितलं आन गाडी सोडली त्यांनी.”